गोळ्या ओतायच्या जुन्या साच्याचा बोल्ट हरवलाय, आटे कोणते तेच कळेना

चकमक_पेन्सिल्व्हेनिया
नमस्कार मंडळी. विषय जरा आडवळणाचा आहे पण इथे टूलरूमवाले बरेच आहेत म्हणून विचारतोय. मी पेन्सिल्व्हेनियात राहतो, इथे नाताळनंतर हरणांचा एक खास सीझन असतो ज्यात फक्त गारेची, म्हणजे फ्लिंटलॉक, ठासणीची बंदूक चालते. १९७४ पासून आहे हे. मला चार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एकाने नादाला लावलं आणि आता दारू, चिंधी, गोळी, गज हे सगळं अंगवळणी पडलंय. माझी बंदूक .५० ची आहे, त्यात .४९० इंचाची गोल शिशाची गोळी चिंधीत गुंडाळून ठासायची. विकतच्या गोळ्या महाग पडतात म्हणून यंदा घरी ओतायच्या ठरवल्या.

गेल्या महिन्यात इथल्या एका जुन्यापान्या वस्तूंच्या बाजारात दोन गाळ्यांचा (म्हणजे एकदम दोन गोळ्या ओतायच्या खळग्यांचा) लोखंडी साचा १५ डॉलरला मिळाला. गाळे आतून आरशासारखे, गंजाचा ठिपका नाही, दोन्ही अर्धुकं एकमेकांवर अशी बसतात की मधून उजेड दिसत नाही. म्हणून मी खूश. घरी आल्यावर नीट बघतो तर वरची पट्टी (जिच्या भोकातून शिसं ओततात आणि मग हातोडीच्या दांड्याने ठोकून बाजूला फिरवली की वरचं शेपूट कापलं जातं, इथले लोक तिला स्प्रू प्लेट म्हणतात, मी कापपट्टी म्हणतो) तिचा बोल्टच नाही! विकणाऱ्याने बोल्टच्या जागी बांधणीची तार घालून पिळा मारून दिलेला. मी ती तार लेबल अडकवायची समजत होतो.

कंपनीचं नाव कधीतरी कुणीतरी कानशीने घासून टाकलंय, नुसता एक आकडा राहिलाय अर्धवट. त्यामुळे कंपनीला फोन करून पार्ट मागवायचा मार्ग बंद. मी आपला मेट्रिकवर वाढलेला माणूस, भोक बघून म्हणलं हा एम५ असणार, सायकलला पाण्याची बाटली अडकवायचा स्टँड असतो त्याचा बोल्ट एम५ असतो तो काढून लावला. दोन आटे मस्त गेला, तिसऱ्याला जड, चौथ्याला जाम. पाना लावून अजून अर्धा फेरा दिला (हो, माहितीय, शिव्या घाला) आणि मग घाबरून उलटा काढला. निघाला, पण चकचकीत चुरा घेऊन निघाला.

प्रश्न असे, १) आटे कोणते हे बोल्ट हातात नसताना कसं ओळखायचं २) मी भोकाची वाट लावली का ३) साधा हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट चालेल का, कारण साचा चांगला दोनशे डिग्रीच्या वर तापतो आणि शिसं तर ३२७ ला वितळतं, मी ओततो तेव्हा पावणेचारशे-चारशे सेल्सिअसला असतं.

खटपट_भोसरी
दोन आटे जाऊन तिसऱ्याला जड म्हणजे एम५ नाही, दुसरं काहीतरी आहे जे एम५ सारखं दिसतं. अमेरिकन साचा आहे ना? मग ९० टक्के १०-३२. डोळे मिटून सांगतो.

पहिले तो बाटलीचा बोल्ट कशाचा ते बघ. चुंबक लाव. चिकटला तर स्टील, म्हणजे तुझ्या साच्याचे आटे खाल्ले असतील. नाही चिकटला तर ॲल्युमिनियम, म्हणजे बोल्टच सोलला गेला आणि साचा वाचला. बाकी रात्री लिहितो, शिफ्ट आहे.

मीरा_टूलरूम
खटपट दादा, चुंबकाने अर्धंच कळतं. सायकलवर स्टेनलेसचे बोल्ट पण भरपूर असतात आणि तेही चुंबकाला चिकटत नाहीत, चिकटले तरी जेमतेम. स्टेनलेस असेल तर तो मऊ लोखंडात असा रुततो की विचारू नका. त्यापेक्षा बोल्ट हातात तोलून बघा, ॲल्युमिनियम पिसासारखा लागतो, आणि कानशीचा एक हलका हात मारला तरी लगेच कळेल.

चकमक, आट्यांबद्दल सांगते. तुमची चूक फार जणांनी केलेली आहे, मी ट्रेनी असताना एका जर्मन फिक्स्चरवर नेमकी उलटी केली होती. १०-३२ म्हणजे काय, तर १० हा नंबर आणि ३२ म्हणजे इंचात बत्तीस आटे. अमेरिकन नंबराचा व्यास काढायचं सूत्र सोपं आहे, नंबर गुणिले ०.०१३ अधिक ०.०६०, आलेलं उत्तर इंचात. दहा नंबरचा ०.१९० इंच, म्हणजे ४.८३ मिमी. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, काढायचा तर २५.४ भागिले ३२, ०.७९४ मिमी. आता एम५ बघा, व्यास ५.००, पिच ०.८. म्हणजे पिचमधला फरक एका आट्याला सहा मायक्रॉन! दहा आटे धरून व्हर्नियरने मोजलेत तरी ७.९४ आणि ८.०० असं येणार, स्वस्तातला प्लॅस्टिकचा व्हर्नियर असेल तर हा फरक तुमच्या हाताच्या थरथरीतच गेला. म्हणून तो सुरुवातीला गोडीगुलाबीने आत जातो. अडकतो तो पिचमुळे नाही, जाडीमुळे, कारण मिमीचे १७ शतांश जास्त जाड आहे तो.

उलटं केलं तर जास्त वाईट, १०-३२ चा बोल्ट एम५ च्या भोकात छान फिरत जातो, कुणाला संशय पण येत नाही, आणि आवळला की सगळे आटे घेऊन बाहेर येतो.

बोल्ट नसताना भोक मोजायचं तर ड्रिलच्या दांड्या घ्या (धारेची बाजू नाही, गुळगुळीत दांडा). १०-३२ चं भोक टॅपिंगच्या, म्हणजे टॅपने आत आटे पाडायच्या, आधी साधारण ४.१ चं असतं, एम५ चं ४.२ चं. ४.२ चा दांडा अलगद आत गेला तर एम५ कडे झुकायचं, नाही गेला आणि ४.० चा गेला तर १०-३२ कडे.

सूतगिरणी_रिटायर्ड
पोरांनो जरा थांबा. तुम्ही सगळे १०-३२ १०-३२ करताय पण २ बीए (जुने ब्रिटिश बारीक आटे) कोण बघणार? आमच्या काळात मीटर, रेडिओ, स्विचगियर सगळ्यात २ बीए असायचा. व्यास ४.७०, पिच ०.८१. हाही तसाच दिसतो. आणि ३/१६ बीएसएफ (तेही ब्रिटिशच) ला पण इंचात ३२च आटे, फक्त त्यांचा कोन ५५ अंश आणि अमेरिकनचा ६०. बीए चा तर साडेसत्तेचाळीस. म्हणजे एकाच जाडीचे चार भाऊ झाले, तोंडवळा सारखा आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही.

मी ७२ साली लागलो तेव्हा आमचे मुकादम मापं सुतात सांगायचे, "अरे दीड सुताचा आण रे". दीड सूत म्हणजे ३/१६. स्टोअरवाला जे देईल ते. साध्या ३/१६ व्हिटवर्थला (ब्रिटिश जाड आटे) २४ आटे, तो यातल्या कशालाच बसत नाही, पण हातोडी होती ना. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार या सगळ्यांची एकत्र खिचडी किलोवर मिळायची, मी घरी आणून पिच गेज (आटे ओळखायची दातेरी पट्टी) लावून डबे करायचो. बायको म्हणायची लग्नाच्या वाढदिवसाला साडी नाही आणि बोल्टांचे डबे. असो.

ड्रिलच्या दांडीने एम५ वेगळा पडेल पण २ बीए आणि १०-३२ वेगळे पडणार नाहीत, दोघांचं भोक जवळपास सारखंच. त्याला दुसरा उपाय. साध्या पेन्सिलीचं लाकूड घे, आतली कांडी काढून टाक, चाकूने हलका निमुळता कर आणि भोकात दाबत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पिळत बसव. मऊ लाकडावर आट्यांचा छाप उठतो. हळूच उलटा काढ आणि भिंगाखाली पिच गेज लाव. आम्ही हे इंपोर्टेड मशीनच्या ड्रेन प्लगसाठी करायचो.

चकमक_पेन्सिल्व्हेनिया
बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काका, पेन्सिलवाली युक्ती रात्रीच केली, मुलाची रंगीत पेन्सिल गेली (जांभळी, उद्या शाळेत लागणार होती हे नंतर कळलं). छाप आला, बारीक दिसतोय पण माझ्याकडे पिच गेज नाही. दांड्यांचं सांगतो, ४.० आत जातो, थोडा खुळखुळतो, ४.२ चा टोकाशीच अडतो. सायकलचा बोल्ट ॲल्युमिनियमचाच निघाला, कानशीने लोण्यासारखा घासला गेला, आणि त्याचे पहिले दोन-अडीच आटे पार भुईसपाट. चुरा त्याचाच होता वाटतं. म्हणजे वाचलो?

मीरा_टूलरूम
वाचलात. पण आत ॲल्युमिनियमचे कण राहिले असतील, १०-३२ चा टॅप विकत घेऊन हाताने, हँडलला धरून, पॉवर ड्रिल अजिबात नाही, तेलाचा थेंब टाकून एकदा साफ फिरवून घ्या. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. जिथे जड लागेल तिथे थांबा आणि आधी आटे कोणते त्याची खात्री करा, नाहीतर साफ करायला गेलेला टॅपच नवीन आटे पाडेल.

डेट्रॉईटचा_दत्तू
अहो पिच गेज कशाला, कुठल्याही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात बोल्टांच्या आयलमधे तारेवर माळ लटकवलेली असते, एका बाजूला इंचाचे नमुने एका बाजूला मेट्रिक. साचा पिशवीत घालून घेऊन जा आणि तिथेच फिरवून बघ. आणि ते १०-३२ चं पाकीट पाच डॉलरच्या आत येतं, एवढं काय थिसिस लिहिताय सगळे.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. गॅल्व्हनाइज्ड किंवा जाड जस्ताचा थर असलेला घेऊ नकोस. जस्त ४२० ला वितळतं आणि शिशात उतरलं की सगळं भांडं दह्यासारखं फुटतं, गोळ्या खरबरीत येतात. बोल्टवरच्या पातळ प्लेटिंगचं एवढं काही नाही म्हणा, ती भांड्यात थोडीच बुडवणारेस, पण काळा ऑक्साइड केलेला स्टीलचा मिळतो ना त्याच किमतीत. आणि आट्यांवर लॉकटाइट बिकटाइट (बोल्ट सुटू नये म्हणून लावायचा गोंद) लावू नको, निळं दीडशे डिग्रीलाच हात टेकतं.

सावंतवाडीचा_बाळ्या
मी फक्त वाचत होतो, पण ठासणीची बंदूक म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्याकडे आजोबांच्या नावावर शेतसंरक्षणाचा परवाना होता, वानर आणि डुकरांसाठी. ठासणीचीच. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायची आणि मग परत आणायची, बंदुकीपेक्षा पावत्यांचा गठ्ठा जड होता. साचा बिचा काही बघितला नाही मी, शिसं मात्र पागाला (मासे धरायच्या जाळ्याला) लावायला घरी ओतायचे, करवंटीत वाळू दाबून. म्हणजे इथे पण असा साचा मागवून घरी ओतता येईल का परवाना असेल तर?

मीरा_टूलरूम
बाळ्या दादा, पागाची शिशी खुशाल ओता. बंदुकीच्या गोळीचं मात्र भारतात शस्त्र अधिनियम १९५९ खाली येतं, दारूगोळा बनवायला कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो, बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे तो नव्हे. चकमक अमेरिकेत आहेत, तिथे स्वतःच्या वापरासाठी ओतणं हा सरळ छंद आहे. इथे वाचून कुणी करायला जाऊ नये म्हणून लिहिलं.

सावंतवाडीचा_बाळ्या
बरं झालं विचारलं. वाळू आणि करवंटीच बरी.

खटपट_भोसरी
आलो. डोळे मिटून सांगितलं होतं ना.

आता खरी गंमत बोल्ट मिळाल्यावर आहे. त्या पट्टीच्या बिजागरीला बोल्ट किती आवळायचा हे महत्त्वाचं. कच्चून आवळला तर पट्टी फिरताना साच्याच्या डोक्यावर शिसं फासत जाते आणि मग ओरखडे. ढिला सोडला तर पट्टी उचलते, शिसं खाली शिरतं आणि गोळीच्या बुडाला पापुद्रा येतो. साचा आडवा धरून हलवला की पट्टी स्वतःच्या वजनाने फिरली पाहिजे, पण बोटाने दाबून बघितलं तर वर-खाली हलता कामा नये. एवढं जमलं की झालं. साच्याच्या बाजूला एक बारीक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा) असेल बघ, तो या बोल्टला कुलूप लावायला असतो. तो आवळण्याआधी त्याच्या भोकात शिशाचा मुगाएवढा कण टाक, म्हणजे बोल्टचे आटे चेपत नाहीत.

चकमक_पेन्सिल्व्हेनिया
आज सकाळी दुकानात गेलो, साचा फडक्यात गुंडाळून. दत्तू, ती माळ खरंच आहे, गेली अकरा वर्षं तिच्या बाजूने जातोय आणि मला ती सजावट वाटायची. १०-३२ चा नमुना बोटाने फिरवला, तळापर्यंत लोण्यात सुरी. काकांचा २ बीए नाही. खटपट जिंकला.

पण आता नवीन लफडं. बोल्ट साच्यात मस्त बसतो, पट्टी घातली तर पट्टीचं भोक बोल्टपेक्षा केवढं मोठं! व्हर्नियरने ६.३७ आलं. बोल्ट ४.८ चा, म्हणजे पट्टी दीड मिमी इकडेतिकडे नाचते, ओतायचं भोक गाळ्याच्या मधोमध येतच नाही. पट्टीची जाडी ३.९७. कुणीतरी भोक मोठं करून ठेवलंय का? कडा तर गोल आणि स्वच्छ आहे, कंपनीची वाटते.

मीरा_टूलरूम
कुणी मोठं केलेलं नाही. तुमचा मूळ बोल्ट खांद्याचा होता. वरचा भाग पाव इंचाचा (६.३५), गुळगुळीत, पट्टी त्याच्यावर फिरते, आणि खाली बारीक होऊन १०-३२ चे आटे. खांदा साच्यावर टेकला की बोल्ट कितीही आवळा, पट्टीला फिरायला जागा राहतेच. खटपट दादांनी सांगितलं ते साध्या बोल्टला लागू, इथे आवळायचं माप कारखान्यातच खांद्याच्या उंचीत घालून दिलेलं असतं. चांगल्या घरचा साचा आहे तुमचा.

वाईट बातमी अशी की बाजारात पाव इंच खांद्याचा जो तयार बोल्ट मिळतो त्याला खाली १०-२४ आटे असतात, ते तिकडचं स्टँडर्ड आहे. पाकिटावर नुसतं दहा नंबर बघून आणाल आणि पुन्हा सायकलच्या बोल्टासारखं होईल. १०-३२ करून घ्यायचा तर लेथवर करावा लागेल.

डेट्रॉईटचा_दत्तू
इथे लेथवाला एका बोल्टाचे ऐंशी-शंभर डॉलर मागेल, साचा पंधराचा.

सूतगिरणी_रिटायर्ड
लेथ कशाला? बुश घाल. साधा १०-३२ बोल्ट आणि त्यावर पाव इंच बाहेरून, दहा नंबर आतून अशी नळीची चकती. झाला खांद्याचा बोल्ट. पितळेची नळी कुठेही मिळते.

मीरा_टूलरूम
काका बुशची कल्पना अगदी बरोबर, पण पितळ नको. शिशात कथील असेल तर ते गरम पितळेला डाख (सोल्डर) दिल्यासारखं धरतं, एकदा शिसं तिथे उडालं की पट्टी आणि बुश डाखलेच म्हणायचे. चकमक शुद्ध शिसं वापरतायत तरी उद्या कथील घातलेलं ओततील. स्टीलचं घ्या. हार्डवेअरमधे स्पेसर म्हणून मिळतात बिनआट्यांचे, पाव इंच बाहेरून आणि दहा नंबर स्क्रूसाठी आतून, भिंत जेमतेम पाऊण मिमीची असते पण एवढ्या कामाला पुरते.

उंचीचं लक्ष ठेवा, सगळा खेळ तिथेच आहे. पट्टी ३.९७ ची, बुश ४.०० चा ठेवा. तीन शतांश. तेवढ्या फटीत शिसं शिरत नाही, साच्याच्या तोंडावर हवा जायला ज्या बारीक रेघा असतात त्यातूनही ते बाहेर येत नाही ना, तसंच. बोल्टचं डोकं बुशपेक्षा मोठं हवं, बटन हेड ॲलन घ्या, दहा नंबरचं डोकं सव्वानऊ मिमीचं असतं, पट्टीला दोन्हीकडून धरून ठेवेल. आणि भोक किती खोल आहे ते आधी काडी घालून मोजा, बोल्ट तळाला टेकला तर बुशवर ताण येणारच नाही.

सूतगिरणी_रिटायर्ड
मान्य. पितळ मागे घेतो. आमच्या मीटरमधे शिसं उकळत नव्हतं.

चकमक_पेन्सिल्व्हेनिया
भोक ११ मिमी खोल आहे. म्हणजे ४ अधिक ९, अर्ध्या इंचाचा बोल्ट (१२.७) बरोब्बर. उद्या रविवार, बसतो.

चकमक_पेन्सिल्व्हेनिया
मंडळी, झालं! लांबलचक लिहितोय, माफ करा.

आधी टॅप. तेल टाकून हाताने, मीराताईंनी सांगितल्यासारखा अर्धा पुढे पाव मागे. चौथ्या आट्यापाशी किंचित जड लागला, तिथे माझ्या बाटलीच्या बोल्टाचं ॲल्युमिनियम बसलेलं, टॅपच्या खाचेत चंदेरी केसासारखे दोन तुकडे आले. त्यानंतर खालपर्यंत एकसारखा.

स्पेसर अर्ध्या इंचाचा मिळाला, हॅकसॉने कापून पाच मिमीचा तुकडा केला आणि मग खरं काम. हातात धरून कानशीने घासला तर एक बाजू ४.३, दुसरी ४.१, चक्क उताराचं छप्पर झालं. टाकून दिला. दुसऱ्याला जरा डोकं लावलं, फोटो फ्रेमची काच टेबलावर ठेवली, त्यावर ४०० चा पॉलिश पेपर, आणि एका लाकडी ठोकळ्याला बुश मावेल असं सरळ भोक पाडून त्यात बुश घालून आठ आठ फेरे घासायचा, मग काढून पुसून मोजायचा, ठोकळा नव्वद अंशात फिरवून परत आठ फेरे. ४.४० वरून ४.०० ला यायला दोन तास लागले. शेवटचे पाच शतांश तर व्हर्नियरवर विश्वासच बसेना म्हणून बुश आणि पट्टी काचेवर शेजारी ठेवून वरून नख फिरवत होतो, नखाला पायरी लागते तोवर घासायचं. नख मशीनपेक्षा हुशार आहे हो. शेवटी इतकी बारीक पायरी राहिली की लागते न लागते, तिथे थांबलो.

बोल्ट घातला, कच्चून आवळला, आणि साचा आडवा केला तर पट्टी आपोआप घड्याळाच्या लंबकासारखी खाली आली. मी एकटाच गॅरेजमधे हसत होतो.

दुपारी ओतायला बसलो. गॅरेजचं दार सताड उघडं, पंखा पाठीमागून, हातमोजे, चष्मा, आणि पाण्याची बाटली घरात ठेवून आलो कारण ओला चमचा जरी वितळलेल्या शिशात गेला तरी वाफ होऊन सगळं अंगावर उडतं. पहिल्या आठ-दहा गोळ्या म्हाताऱ्याच्या गालासारख्या सुरकुतलेल्या, साचा थंड होता. शुद्ध शिशाला साचा अजून तापवावा लागतो हे कळलं. पंधराव्यानंतर एकदम गुळगुळीत यायला लागल्या, शेपूट कापल्याची जागा सपाट, बुडाला पापुद्रा नाही. हिशेबाने .४९० ची शुद्ध शिशाची गोळी १७७ ग्रेन भरायला पाहिजे, म्हणजे साडेअकरा ग्रॅमला थोडी कमी. तीस वजन केल्या, बहुतेक १७६ ते १७७. एक १७१ भरली, दिसायला चांगली पण आत पोकळी असणार, ती परत भांड्यात.

खटपट_भोसरी
जबरदस्त. १७१ वाली कापून बघायची होती रे, पोकळी नेमकी शेपटाखालीच निघते. शेपूट लगेच गोठतं आणि मग गोळी आकसताना तिला वरून शिसं मिळत नाही. वर अजून थोडा ढीग राहू देत जा, कंजूषपणा करू नको.

डेट्रॉईटचा_दत्तू
दोन तास घासलंस? मी तर पैसे देऊन करून घेतला असता. पण नखाचं ऐकून माझ्या वडिलांची आठवण झाली, ते गिअरबॉक्सची शिम अशीच बघायचे. हात साबणाने धुतलेस ना जेवायच्या आधी? शिसं आहे, आणि घरात लहान मूल आहे म्हणालास. ते कपडे पण वेगळे धू.

चकमक_पेन्सिल्व्हेनिया
धुतले, कपडे पण वेगळे टाकले. आणि जांभळी पेन्सिल पण आणून दिली, नाहीतर घरात घेतलं नसतं.

खटपट, पुढच्या वेळी ढीग जास्त ठेवतो, पोकळीचं कारण आत्ता कळलं.

सूतगिरणी_रिटायर्ड
शाब्बास. बाजूचा ग्रब स्क्रू लावलास का? बुशवर आवळलाय म्हणून सुटणार नाही असं समजू नकोस, गरम-थंड गरम-थंड होऊन बोल्ट हळूहळू सैल पडतो. शंभरेक गोळ्यांनंतर एकदा ॲलन की लावून बघ.

चकमक_पेन्सिल्व्हेनिया
काका तेच तर. ग्रब स्क्रू जागेवर आहे पण त्याचा आतला षटकोन कुणीतरी झिजवून गोल करून ठेवलाय, ॲलन की नुसती गरगर फिरते. १/१६ ची पण फिरते, ५/६४ ची जात नाही, १.५ ची मेट्रिक तर अजूनच ढिली. बाहेर कसा काढू?

मीरा_टूलरूम
५/६४ म्हणजे १.९८. मधली १.८ वगैरे शोधत बसू नका. टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीचा) टी७ किंवा टी८ चा बिट हलक्या हाताने ठोकून बसतो का बघा, पण आधी साचा गॅसवर थोडा तापवून भेदक तेल मुरवा. फोटो टाका, तो भोकात किती आत आहे त्यावर पुढचं सांगते.